चोर सोडून रीलला फाशी

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे धरायचा छंद असणाऱ्यांसाठी जो लेख आला होता तो वाचला, आवडला, रॉड कसा निवडायचा तो भाग तर कापून ठेवलाय. पण मध्येच एक वाक्य होतं की आता ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, घ्यावी आणि नेहमीच्या दोरीसारखीच रीलवर, म्हणजे रॉडवरच्या दोरी गुंडाळायच्या चक्रावर, भरून टाकावी, बस्स, आणि लगेच पुढचा मुद्दा. त्या 'नेहमीसारखीच' या शब्दाला माझी हरकत आहे आणि ती हरकत मी दोन हंगाम आणि एक चांगला मोठा मासा घालवून कमावलेली आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा पण टेप आणि मोनोचा (म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीचा) भाग तेवढा ठेवा.

आधी माझीच फजिती सांगतो. जुनी नायलॉनची दोरी काढून टाकली, नवीन आठ पेडांची ब्रेड आणली, 150 मीटर, आणि स्पूलच्या, म्हणजे रीलमधल्या दोरी गुंडाळायच्या रिळाच्या, गुळगुळीत धातूवर सरळ एक सरकफास मारून भरून टाकली. वर्षानुवर्षं नायलॉन असंच भरत आलोय, मग यात काय वेगळं असणार. सुरुवातीला सगळं झकास, छोटे मासे लागत होते येत होते, फेक पण लांब जात होती. मग एकदा खरंच जड काहीतरी लागलं आणि दोरी जायला लागली. ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की स्पूलला फिरू देऊन दोरी सोडणारा रीलमधला ब्रेक, थोडा आवळला, तरी जातेय. अजून आवळला, तरी जातेय. शेवटी पूर्ण आवळला, नॉब पुढे जाईना इतका, तरी दोरी आपली शांतपणे चाललीये, आणि मी हँडल फिरवतोय तर एक इंच काही आत येत नाही. शेवटी मासा सुटला ते सांगायला नकोच.

घरी येऊन रीलला शिव्या. ड्रॅग उघडला, वॉशर पुसले, ग्रीस लावलं, पुन्हा बसवला. पुढच्या वेळी तेच. मग दुरुस्तीवाल्याकडे दिला, त्याने वॉशरच बदलून दिले आणि म्हणाला आता बघा दगडासारखा धरेल. पुन्हा तेच. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललेलं होतं आणि बंबाचे पैसे मी भरत होतो. शेवटी एक दिवस चिडून दोरीचं टोक दाराच्या कडीला बांधलं, ड्रॅग फुल आवळला आणि रॉड घेऊन मागे मागे सरकायला लागलो. भाचा बाजूला बसून बघत होता, तो म्हणाला मामा, रीळ फिरतच नाहीये, नुसता दोराच फिरतोय त्याच्यावर. बघतो तर खरंच, स्पूल जागच्या जागी ठप्प, आणि त्यावरचा अख्खा दोरीचा गठ्ठा, म्हणजे शंभर-सव्वाशे मीटरचा गुंडाळा, सैल बांगडी मनगटावर फिरते तसा गोल गोल फिरतोय. ड्रॅग बिचारा निर्दोष होता!

आता मागे वळून बघितलं की कळतं की खूण पहिल्या दिवसापासून समोर होती, किंवा कानात होती म्हणा. ड्रॅग जेव्हा खरोखर दोरी सोडतो तेव्हा स्पूल फिरतो आणि स्पूल फिरला की बहुतेक स्पिनिंग रील कट् कट् कट् आवाज करतात. माझी दोरी जात होती ती मुकाट. दोरी जातेय आणि आवाज नाही, याचा अर्थ स्पूल हलत नाहीये आणि दोरीच घसरतेय, संपला विषय. एवढं एक वाक्य जरी मला आधी कुणी सांगितलं असतं तरी ते वॉशर वाचले असते.

हे होतं का याचं मूळ दोरीच्या मालात आहे. नायलॉन 1935 सालचं, ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्सच्या हाताखाली तयार झालेलं. त्याच्या एकेरी तारेलाच आपण मोनो म्हणतो. ब्रेड मात्र पॉलिइथिलीनची, म्हणजे पिशव्या आणि बादल्या ज्या घराण्यातल्या त्याच घराण्यातली, फक्त तिचे रेणू अतिप्रचंड लांब आणि सगळे एका दिशेने ताणून बसवलेले. हे ताणून धागा काढायचं तंत्र डच कंपनी डीएसएमने 1970 च्या दशकाच्या शेवटी जमवलं, आणि डायनीमा, स्पेक्ट्रा अशा नावांनी जो धागा मिळतो तो हाच. वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत. पण तोच धागा जगातल्या निसरड्या वस्तूंपैकी एक आहे. तळाला चिकटू न देणाऱ्या तव्याला जो लेप असतो ना, त्याच्या जवळपास जाईल इतका निसरडा. फेकताना रॉडच्या कड्यांमधून सुर्रकन जातो म्हणून आपण खूष होतो, आणि तोच गुण स्पूलच्या बुडाशी आपल्यावर उलटतो. त्यात स्पूल म्हणजे पॉलिश मारलेलं ॲल्युमिनियम, म्हणजे बर्फावर बर्फ.

दुसरा फरक ताणाचा. मोनो तुटायच्या आधी चांगली 15 ते 25 टक्के लांब होते, रबरासारखी, म्हणून ती ताणून गुंडाळली की आकसायला बघते आणि स्पूलच्या मधल्या नळीला गच्च आवळून बसते. ब्रेड जेमतेम 3 ते 5 टक्के ताणते. ती आकसणार कुठून. सैल गुंडाळली की सैलच राहते, नुसती नळीच्या भोवती असते, नळीला धरलेली नसते. लोक म्हणतात अहो एवढे शेकडो वेढे आहेत, घसरेल कशी. वेढे शेकडो आहेत हो, पण नळीला टेकतो फक्त सगळ्यात खालचा थर, बाकीचे सगळे एकमेकांच्या अंगावर. खालचा थर सुटला की वरचे सगळे त्याच्यासोबत वरातीसारखे निघतात.

एक छोटं गणित सांगतो, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. खुंट्याला दोरीचे वेढे मारले की पकड वेढ्यागणिक बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढते, होडी बांधणाऱ्यांना हे शाळेत न जाता माहीत असतं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्यात पकड साधारण साडेसहा पट होते. 0.1 धरला, जो ब्रेडसारख्या निसरड्या दोरीच्या जास्त जवळचा आहे, तर एका वेढ्यात दुप्पटही होत नाही आणि साडेसहा पटीला पोचायला तीन वेढे लागतात. म्हणजे मोनोला जिथे एका वेढ्याची सुरगाठ पुरते तिथे ब्रेडला तीच गाठ मारणं म्हणजे दाराला कडी न लावता नुसतं दार लोटून झोपणं.

तर उपाय. सगळ्यात भरवशाचा म्हणजे बुडाशी मोनो. पहिले काही वेढे मोनोचे द्यायचे, अगदी कमी म्हणजे नळी पूर्ण झाकली जाईल इतके तरी, मी दहा-पंधरा मीटर देतो. मोनो नळीला आवळून बसते आणि ब्रेडला खाली मऊ, पकड देणारी गादी मिळते. मग मोनोच्या टोकाला ब्रेड जोडायची. जोडायला मी डबल युनी नावाची गाठ वापरतो कारण ती मला अंधारात पण बांधता येते. दोन्ही दोऱ्यांची टोकं समोरासमोर एकमेकांवर ठेवायची, एका दोरीने दुसरीवर सरकगाठ मारायची, मग दुसरीने पहिलीवर, मोनोच्या बाजूला पाच वेढे आणि ब्रेडच्या बाजूला आठ, कारण ब्रेड निसरडी आहे हे आता पाठ झालं असेल, आणि मग दोन्ही बाजू ओढल्या की त्या दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात आणि तिथेच अडकतात. ओढायच्या आधी गाठ ओली करायची, थुंकी लावा नाहीतर पाणी लावा. पॉलिइथिलीनचा हा धागा साधारण 145 अंश सेल्सिअसला वितळतो, नायलॉनच्या मानाने बराच कमी, त्यामुळे कोरडी गाठ झटक्यात आवळली की घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. उरलेली टोकं बारीक कापायची नाहीतर वरचे थर त्यात अडकतात.

ही झाली पकडीपुरती मोनो, आता स्पूल नीट भरायला एकूण किती लागते ते बघू. यात लोक अंदाजपंचे करतात आणि मग एकतर स्पूल अर्धा रिकामा राहतो नाहीतर उतू जातो. रीलवर लिहिलेलं असतं ना, 0.30 मिलिमीटर, 150 मीटर असं काहीतरी, ते मोनोसाठी असतं. दोरीने किती जागा खाल्ली हे तिच्या जाडीच्या वर्गावर जातं, म्हणजे जाडी निम्मी केली की लांबी दुप्पट नाही, चौपट मावते. तर त्याच रीलवर 0.15 ची ब्रेड 600 मीटर मावेल. आपल्याकडे आहे 150 मीटर. म्हणजे तिने एक चतुर्थांश जागा घेतली, उरलेली तीन चतुर्थांश जागा म्हणजे 150 मीटरची तीन चतुर्थांश, साधारण 112 मीटर 0.30 ची मोनो खाली पाहिजे. छापलेली जाडी कधी कधी जरा इकडे तिकडे असते, ब्रेड तर चपटी होते त्यामुळे मोजायला अजून वैताग, म्हणून शेवटचा हिशोब डोळ्याने करायचा, स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली दोरी थांबली पाहिजे. जास्त भरली तर फेकताना वेटोळी एकदम बाहेर उडी मारतात आणि जो गुंता होतो तो सोडवायला मी अजून कुणाला बघितलेलं नाही, कापूनच टाकतात.

ज्यांना गणिताचा कंटाळा त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे, उलटं भरायचं. आधी ब्रेड भरायची, तिला मोनो जोडायची आणि स्पूल हवा तितका भरेपर्यंत मोनो गुंडाळायची. मग हे सगळं दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर काढून घ्यायचं, त्यावरून आणखी एका रिकाम्या स्पूलवर, आणि शेवटी तिसऱ्यांदा आपल्या रीलवर, म्हणजे मोनो खाली आणि ब्रेड वर, बरोब्बर मापात. दोन जादा स्पूल लागतात आणि पाऊण तास जातो, पण एकदाच करायचं असतं. माझ्या घरी यात बायकोला पेन्सिलीत रीळ अडकवून धरायचं काम मिळालं, तिने नंतर दोन दिवस त्या पेन्सिलीला हात लावला नाही.

मोनो नकोच असेल, कुणाला पूर्ण ब्रेडच हवी असते, तर टेप. वायरिंगवाले वापरतात ती काळी टेप किंवा जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी, नळीवर एक पूर्ण वेढा, फार तर दीड, त्याहून जास्त नको. गाठ टेपच्या वर बसवायची आणि नळीभोवती दोरीचे एकाऐवजी दोन वेढे घेऊन मगच युनीने, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच सरकगाठीने, आवळायची. काही जण गाठीवरून आणखी एक लहान तुकडा चिकटवतात, मी पण चिकटवतो. टेपचं सुटं टोक कुठल्या दिशेला येतंय ते बघायचं, दोरी भरताना ते टोक दाबलं गेलं पाहिजे, उचकटलं जायला नको. एक तोटा सांगून ठेवतो, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात वर्ष-दोन वर्षांनी टेपचा डिंक पाझरतो आणि खालचे थर चिकट होतात. म्हणून माझं मत मोनोकडे. हल्लीच्या काही स्पूलना नळीवर रबराची पट्टी बसवलेलीच असते किंवा दोरी ओवायला भोक असतं, तसं असेल तर ब्रेड सरळ बांधली तरी चालते, पण आधी खात्री करा, सगळ्याच स्पूलना ते नसतं. माझ्याला नव्हतं. आणि डब्यावरच्या कागदात त्याबद्दल एक ओळ नव्हती, रील धुवायचा कसा यावर मात्र अर्धं पान.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ताण. वरचं सगळं केलं आणि दोरी ढिली गुंडाळली तर केलेलं पाण्यात. मशीनवर भरभर भरून दिलेला स्पूल पण तपासून घ्या, अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं, खळगा पडला, तर सैल आहे. गच्च भरलेला स्पूल लाकडासारखा लागतो. ताणासाठी मी ओलं फडकं वापरतो, दुहेरी घडी, त्यातून दोरी जाऊ द्यायची आणि चिमटीत दाबून धरायचं, अर्धा ते एक किलोचा ताण राहील इतकं. कोरड्या बोटांनी हा प्रकार करू नका, मी केला, तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे. ही दोरी बारीक आणि ताणायला तयार नसलेली, म्हणजे सुरीच की. सैल दोरीचा दुसरा त्रास असा की जोराचा हिसका बसला की वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांमध्ये घुसून बसतो, आणि पुढच्या फेकीला दोरी मध्येच थबकते आणि गळ एकीकडे, दोरी दुसरीकडे. हे पण लोक रीलच्याच नावावर टाकतात.

भरताना दोरीचं मूळ रीळ फिरलं पाहिजे, जमिनीवर आडवं टाकून कडेवरून वेटोळी सुटू दिली तर पीळ पडतो. मोनोइतका ब्रेडला त्याचा त्रास होत नाही हे खरं, पण कुणाला तरी पेन्सिल धरायला लावण्यात काय जातंय. आणि बांधायच्या आधी ब्रेड स्पिनिंग रीलच्या बेल तारेखालून, म्हणजे दोरी स्पूलवर नेणाऱ्या वाकड्या तारेखालून, आणि रॉडच्या कड्यांमधून आलीये ना ते बघा, हसू नका, एकदा पूर्ण भरून झाल्यावर मला कळलं की सगळ्यात खालचं कडं राहिलंय.

आता तपासणी, आणि इथे मी भाच्याचा ऋणी आहे. पंधरा-वीस वेढे झाले की थांबायचं. ड्रॅग फुल आवळायचा आणि दोरी हाताला फडकं गुंडाळून जोरात ओढायची. स्पूलकडे बघायचं, दोरीकडे नाही. गठ्ठा हलला तर आत्ताच उलगडून परत करा, 150 मीटर भरून झाल्यावर उलगडायला जीवावर येतं. दुसरी युक्ती त्यानेच काढली, मार्करने स्पूलच्या कडेवर एक ठिपका आणि त्याच्या बरोबर समोर दोरीच्या थरावर एक रेघ. ओढून झाल्यावर ठिपका आणि रेघ समोरासमोर असतील तर घसरण नाही, रेघ पुढे गेली असेल तर आहे. मी आता दर हंगामाच्या सुरुवातीला हे करतो. दोरीवरची शाई दोन-तीन फेऱ्यांत धुऊन जाते, काही बिघडत नाही.

लेखात ब्रेड महाग पडते असंही म्हटलं होतं, ते बरोबर आहे, पण तिचं एक बरं असतं की वापरात येते ती वरची साठ-सत्तर मीटर, खालची निम्मी कोरीच राहते. रंग उडाला, वरची दोरी पिंजली, की अख्खी उलटी करायची, आतलं टोक बाहेर, आणि पुन्हा तेवढीच वर्षं वापरायची. फक्त उलटी करताना बुडाची मोनो आणि गाठ परत पहिल्यापासून नीट करा, कारण आता खाली जाणारी पिंजलेली बाजू आहे आणि घाई तेव्हाच जास्त होते.

माझी एवढीच विनंती की पुढच्या अंकात त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी, चौकटीत चार ओळी पुरतील. रील बदलायच्या आधी, ड्रॅग उघडायच्या आधी, दोरीचं टोक दाराच्या कडीला बांधून एकदा ओढून बघा एवढं लिहिलं तरी चालेल. ते जुने वॉशर मी टाकलेले नाहीत, डबीत आहेत, एकदम ठणठणीत.

आपला,
एक नियमित वाचक